पॅसेंजर नऊ मिनिटं लेट

खिडकीची फळी खाली यायच्या आत नलिनीबाईंनी कोपरापर्यंत हात आत घातला.

"हात काढा बाई! गाडी आली."

"दिसायलीय की. बिदरचं एक तिकीट द्या, मास्तर."

मागे चौदा-पंधरा माणसं तासभर ताटकळलेली. या स्टेशनमास्तरांची रोजचीच तऱ्हा. गाडी मागच्या स्टेशनावरून सुटेपर्यंत खिडकी बंद. मग पाच-सहा जणांना तिकिटं द्यायची आणि इंजिनाचा धूर दिसला की फळी धाडकन खाली! उरलेल्यांनी तसंच चढायचं. गेल्या महिन्यात नलिनीबाई तशाच चढल्या आणि बिदरच्या फाटकात तपासनिसानं त्यांना चोरासारखं उभं केलं. शाळेतल्या दोन पोरांचे बाप समोरून गेले. आठवलं की अजून कान तापायचे.

आज अकराला बिदरच्या शिक्षण कचेरीत त्यांची मुलाखत होती. सहा वर्षं तात्पुरत्या बाई म्हणून राबल्या होत्या. आज कायम व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. पण काही झालं तरी बिनतिकिटाचं गाडीत पाऊल टाकायचं नाही, हे त्यांनी घरातून निघतानाच ठरवलं होतं.

"बसा जावा तशाच. कोण खातंय तुम्हाला?" मास्तर म्हणाले.

"मागच्या टायमाला खाल्लं की."

गाडी येऊन थांबली. रांग फुटली. भाजीवाली चन्नव्वा टोपली सावरत पळाली.

"चन्नव्वा, कामून पळायलीस? ये हिकडं!" बाईंनी वर्गातला आवाज लावला.

"गाडी जायलीय, बाई!"

"जात न्हाई. माझा बाप जन्मभर रेल्वेत पॉइंट्समन होता. मास्तरनं पुढं लाईन मोकळी असल्याचा लोखंडी गोळा दिल्याबिगर ड्रायव्हर गाडी हलवत न्हाई. आन् तिकिटाची खिडकी उघडी टाकून मास्तरला जाता येत न्हाई. या सगळे!"

माणसं घुटमळली, मग एकेक करून परत आली. आत मास्तर लालबुंद झाले होते.

"पोलिसात देईन, बाई!"

"द्या. पण आधी तिकीट. बिनतिकिटाची मी पोलिसात बी जाणार न्हाई."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी तिकिटावर तारीख उठवली आणि ते बाईंच्या तळहातावर आपटलं.

"घ्या! निघा आता!"

तिकीट हातात, गाडी दारात. हात काढला की झालं. बाईंनी मूठ मिटली. मागे चन्नव्वा धापा टाकत होती. बाई निघाल्या की फळी पडणार, हे तिलाही कळत होतं. अकराची मुलाखत, सहा वर्षं... इंजिनानं लांबलचक शिट्टी दिली.

डावा हात आत घालून त्यांनी मुठीतलं तिकीट काढून घेतलं. उजवा हात तिथंच राहिला.

"हिचं बी बिदरचंच द्या," त्या म्हणाल्या.

मग हाताच्या वरून पैसे आत जाऊ लागले, खालून तिकिटं बाहेर. खटक, खटक. फळीच्या काठानं बाईंच्या दंडावर लाल वळ उठला होता.

शेवटची दोन माणसं उरली, तेव्हा गार्ड वही घेऊन तणतणत मास्तरांच्या खोलीत शिरला.

"नऊ मिनिटं झाली, मास्तर! गाडी थांबल्याचं कारण काय लिहू?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या हाताकडे.

"लिहा की," नलिनीबाई बाहेरून म्हणाल्या, "आज तिकिटाची खिडकी उघडी होती."