दोघांच्या खेळाला एकट्याचे चार गुण

मित्रांनो, व्हिडिओ गेमचे दोन कंट्रोलर असतात ना, त्यांतला दुसरा तो मी. पहिला कोण घेणार यावरून घराघरांत भांडणं होतात. माझ्यावरून कधी कुणी भांडल्याचं ऐकिवात नाही. पाहुणा आला की माझी आठवण होते, एरवी मी आपला टेबलाच्या टोकाला पडलेला. रंग राखाडी, डाव्या अंगठ्याखालचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं आणि पाठीवर निळ्या शाईत काढलेला दोनाचा आकडा. तो आकडा ताईच्या हातचा.

ताई एका गेम बनवणाऱ्या कंपनीत अकरा जणांच्या गटाची प्रमुख होती. वयाने ती सगळ्यांत मोठी नव्हती, पण कुणाचं काही अडलं की आधी तिच्याकडे धाव, म्हणून सगळे तिला ताईच म्हणत. त्यांची खोली एका शिवणकामाच्या कारखान्याच्या वर होती. खालच्या मशिनींची घरघर दिवसभर फरशीतून जाणवायची. माझी उमेदीची वर्षं त्या खोलीत गेली.

कंपनीचा एक जुना खेळ फार गाजलेला होता, 'कंदीलवाला' नावाचा. एक मुका माणूस धुक्यातल्या गावात रस्त्यावरचे कंदील लावत फिरतो आणि वाटेत कोडी सोडवतो, एवढंच त्यात होतं. मारामारीचं नाव नाही. लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्या खेळात कंदीलवाल्याच्या दोन बहिणी घडीभर दिसून जातात. ताईच्या मनात त्या दोघींनी घर केलं आणि तिने त्यांच्यावर वेगळा खेळ रचला, 'कंदीलवाल्याच्या बहिणी'.

हा खेळ मात्र सपासप तलवारबाजीचा होता, आणि दोघांनी मिळून खेळायचा होता. थोरलीच्या हातात तलवार, धाकटीच्या हातात कंदील. कंदिलाच्या उजेडात आलेल्या राक्षसालाच तलवार लागायची. अंधारात ती नुसतीच हवेत फिरायची. एक बहीण पडली की दुसरीने धावत जाऊन तिला हात धरून उठवायचं. थोरली चालायची पहिल्या कंट्रोलरवर आणि धाकटी माझ्यावर. उजेड माझ्या हाती होता, मित्रांनो. आयुष्यात पहिल्यांदाच मी नुसता जोडीला नव्हतो.

दोन वर्षं मी टिकटिक्याच्या हातात होतो. तो प्रोग्रॅमर. विचार करताना बोटांनी टेबल वाजवत बसायचा, म्हणून त्याला हे नाव पडलेलं. ताई आणि तो रोज चार वाजता खेळ तपासायला बसत आणि पाच मिनिटांत तपासणं बाजूला राहून दोघं हमरीतुमरीवर येत.

"ताई, उजेड दिलाय, मार की!"

"कुठे दिलायस? कंदील घेऊन तू पळतोयस पुढे!"

बाकीचे नऊ जण कामं टाकून मागे उभे राहायचे. हसून हसून मुरकुंडी वळायची. त्या खोलीत मी सुखी होतो.

खेळ पुरा व्हायला महिना उरला असताना कंपनीचे साहेब आले. म्हणाले, "एकट्याने खेळणाऱ्याचं काय? खोक्यावर 'एक किंवा दोन खेळाडू' असं छापायचंय मला." ताईने परोपरीने सांगितलं, पण साहेब हट्टाला पेटले होते. शेवटी महिन्याभरात कसंबसं जुळवून एकट्या खेळाडूसाठी कॉम्प्युटरने चालवलेली धाकटी तयार झाली. ती कंदील घेऊन निघायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. थोरली पडली तरी मागे वळून बघायची नाही. टिकटिक्या पडेल चेहऱ्याने म्हणाला, "ही आपली धाकटी नव्हे."

जाता जाता साहेबांनी एक अट घालून ठेवली. सगळ्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी शंभरात सत्तर आली, तर गट राहील आणि खेळाचा पुढचा भागही करील. नाही आली, तर गट मोडायचा. त्या दिवशी चार वाजता कुणी खेळायला बसलं नाही.

एका मोठ्या मासिकाचा समीक्षक फार नावाजलेला होता. तो काय म्हणतो हे पाहून बाकीचे आपलं मत ठरवत. त्याच्यासाठी खेळाची डिस्क खोक्यात घालताना ताईने आम्हा दोघा कंट्रोलरांनाही सोबत ठेवलं. हात बसलेले कंट्रोलर त्याला मिळावेत अशी तिची भाबडी इच्छा. टिकटिक्या म्हणाला, "ताई, दोघांनी खेळा अशी एक चिठ्ठी टाकू या का?"

"एवढ्या मोठ्या समीक्षकाला आपण शिकवायचं? दोन कंट्रोलर बघितले की कळेल त्याला."

समीक्षक माणूस कमालीचा सचोटीचा निघाला. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल, पण आमचा घात तिथेच झाला. त्याच्या कचेरीचा नियम होता की, कंपनीने पाठवलेली भेटवस्तू वापरायची नाही, कपाटात टाकायची. त्याने खोकं उघडलं, डिस्क काढून घेतली आणि आमच्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "आता कंट्रोलरही वाटायला लागले," असं म्हणून त्याने खोक्यासकट आम्हाला कपाटात ठेवून दिलं. तिथे फुकट आलेले मग होते, टोप्या होत्या, कुणी न घातलेले टी-शर्ट होते.

कपाट त्याच्या टेबलाला लागूनच होतं. तीन दिवस तो स्वतःचा एक कंट्रोलर घेऊन एकटा खेळला. फटीतून मला सगळं ऐकू यायचं. "अगं बाई, उजेड दे ना!" तो कॉम्प्युटरच्या धाकटीला विनवायचा. मग पडायचा, पुन्हा सुरू करायचा, पुन्हा पडायचा. मी हातभर अंतरावर होतो. मला फार वाईट वाटत होतं, पण कंट्रोलरला हाक मारता येत नाही.

छापायला देण्याआधी प्रत्येक समीक्षण संपादकबाईंना उभ्याने वाचून दाखवायची त्याची पद्धत होती. त्याने वाचलं, "मूळ खेळातली शांतता इथे खणखणाटात हरवली आहे. तलवार निम्मा वेळ हवेत फिरते. सोबतीण कुचकामी आहे. दहापैकी चार गुण."

संपादकबाईंनी विचारलं, "दोघांनी खेळून बघितला का?"

"बाई, आपल्याकडे एका खेळाला एकच माणूस मिळतो. आणि खोक्यावर एक किंवा दोन असं स्पष्ट छापलंय."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या.

इतर समीक्षणंही आली. दोन भाऊ मिळून लिहीत असत, त्यांनी नऊ दिले. जोडीने खेळलेल्या आणखी बऱ्याच जणांनी आठ-नऊ दिले. कुणाला नुसती जुन्या कंदीलवाल्याची आठवण येत राहिली, त्यांनी सहा दिले. दोघातिघांनी तर आमच्या समीक्षकाचीच वाक्यं थोडी फिरवून लिहिली आणि चारावर बोट ठेवलं. शंभरात सरासरी आली अडुसष्ट. पंधरा दिवसांनी कचेरीत बातमी आली, अकराच्या अकरा जणांना नारळ दिला. समीक्षक म्हणाला, "वाईट झालं," आणि पुढच्या खेळाचं खोकं फोडायला घेतलं.

वर्ष उलटलं की त्या कपाटातल्या वस्तू वाटून टाकत. समीक्षकाने ते खोकं घरी नेलं, डिस्कही त्यातच परत ठेवलेली होती. घरी त्याची आई आलेली होती, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विश्रांतीला. बसून बसून ती कंटाळली होती. लेकाने सुट्टीच्या दुपारी डिस्क लावली तशी ती म्हणाली, "मला दे तो दुसरा."

"तुला नाही जमायचं, आई."

"तीस वर्षं टाइपरायटर बडवलाय मी. ही दहा बटणं काय घेऊन बसलास!"

आईची बोटं माझ्यावर आली. वर्षाने मला कुणी हातात घेतलं होतं. तिने कंदील उचलला, राक्षसावर उजेड धरला, आणि समीक्षकाची तलवार खणकन बसली. पुढच्या वळणावर तो पडला. आई धावत मागे आली आणि धाकटीने थोरलीला हात धरून उठवलं. "ऊठ रे, लागलं का?" असंच ती टीव्हीकडे बघून म्हणाली. समीक्षक खो खो हसला. मग एकाएकी त्याने कंट्रोलर खाली ठेवला.

"आई, मी या खेळाला चार गुण दिले होते."

"मग चुकलास. ज्यांनी केलाय त्यांना सांग तसं."

त्यांनी तीन आठवडे खेळून खेळ संपवला. समीक्षकाने नव्याने लिहिलं, चुकीची कबुली दिली, आठ गुण दिले. संपादकबाईंनी ते शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात छापलं. सरासरीत पहिलेच गुण धरतात, त्यामुळे अडुसष्टचे अडुसष्टच राहिले.

मग त्याने ताईचा नंबर मिळवला. आईलाही ऐकायचं होतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. ताईचा आवाज मी लगेच ओळखला, पण तो थकलेला होता. ती आता वाहनतळावर पावती देणाऱ्या यंत्रांच्या पडद्यांवरची बटणं आखत होती. टिकटिक्या दुसऱ्या शहरात गेला होता, त्याचा फोन येत नव्हता. समीक्षक बराच वेळ माफी मागत होता. ती फक्त "असू दे" म्हणाली.

तेवढ्यात आई मध्येच बोलली. "अगं, शेवटी त्या दोघी नदीवर पोचतात आणि पलीकडे एक कंदील लागतो. तो त्यांचा भाऊच ना? भेटतो का गं त्यांना?"



"ते पुढच्या भागात होतं, आई."

"मग सांग की."

"आम्ही सगळे मिळून ठरवणार होतो. ठरायचं राहूनच गेलं."

मित्रांनो, आई आता तिच्या घरी गेली आहे आणि मी पुन्हा खोक्यात आहे. तुम्हीही पुढे कशाकशाला गुण द्याल, कुणाकुणाच्या कामाला नावं ठेवाल. जरूर ठेवा. फक्त वस्तू दोघांसाठी केलेली असेल, तर आधी शेजारच्याला हाक मारा. शेजारी कुणीच नसेल, तर निदान 'मी एकटाच होतो' एवढं खाली लिहा.