देवाकडे पाठ

कोन गावात देवळाच्या पूर्वेला आम्हा पंधरा घरांची सामाईक भाजीची बाग. चौऱ्याहत्तर साली तिथे खोपट बांधायचं ठरलं ते अवजारांसाठी. पण खरं सांगायचं तर गुणाबाईच्या मडक्यासाठी. मडक्यात राखेत घोळलेलं वालाचं बी. आदल्या साली पत्र्याच्या शेडमध्ये निम्मं बी उन्हानं मेलं होतं. उरलं ते एवढंच. पावसाळाभर कोरडं राहिलं, तर भातकापणीनंतर सगळ्यांच्या वाफ्यांत वाल; नाही तर तिच्या सासूपासून चालत आलेलं बियाणं संपलं.

या खेपेला पत्रा नको, हे पत्र्याचा आग्रह धरणाऱ्या चिंधूनंही मानलं. तो धामणकर नाक्याजवळ कापडाच्या लूमवर कामाला. सुताच्या मोडक्या पेट्यांच्या फळ्या त्यानं मांडणीसाठी आणल्या. भिंती कारवीच्या, शेणामातीनं लिंपलेल्या, वर पेंढा.

"मोडलं तरी बागेच्याच खतात जाईल," म्हणत आमच्यातल्या वडीलधाऱ्या नामादादांनी काठीनं जमिनीवर आखणी केली. दार काढलं पश्चिमेला, देवळासमोर.

"पावसाचा मारा तिकडूनच हाय, दादा," गुणाबाई म्हणाली. "दार पूर्वेला करा."

"आन् देवाकडं पाठ? माझ्या हातून न्हाय व्हायचं."

देवाच्या बाबतीत नामादादांपुढे कोण बोलणार?

गुणाबाईनं मडकं कमरेवर घेतलं. "एकादशीच्या कीर्तनाला आपले बुवा कुठं उभे राहतात?"

"देवासमोर, देवाकडं तोंड करून."

"आन् तुम्ही बसता कुठं?"

"बुवांसमोर."

"मंग पाठ कुणाकडं असते तुमची?"

आधी चिंधू हसला. "दादा, वीस वर्सं देवाकडं पाठ करून बसलाव की!"

"गप रे लूमवाल्या!" दादा डाफरले, पण दाराची रेघ त्यांनी पायानंच पुसली आणि पूर्वेला नवी ओढली. पश्चिमेच्या भिंतीत, वळचणीखाली, वीतभर झरोका तेवढा ठेवला. टाळ ऐकू यायला हवेत ना! तिथे पेंढा मात्र हातभर पुढे ओढला.

भातं कापून झाल्यावर गुणाबाईनं मडकं कानाशी हलवलं. बी खडखडलं. तिनं ते पंधरा घरांत मुठीमुठीनं वाटलं.

पेरल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी दादांनी तिला वाफ्यावर हाक मारली. भेगाळलेल्या मातीतून वालाचे कोंब निघत होते. आधी वाकलेली पाठ. डोकं अजून आतच. दादा उकिडवे बसून कितीतरी वेळ बघत राहिले.

"गुणे, ह्यो पन पाठ करूनच आला की गं!"

"उद्या मान वर करंल. उठा आता दादा, एकादशी हाय. बुवांसमोरची जागा जाईल तुमची."