टिंबानंतरचं

परीक्षा विभागात त्यांना छाटणीसर म्हणत. टक्क्यांची ग्रेड करताना टिंबानंतरचं सगळं छाटायचं, हा नियम त्यांचा. एकोणसाठ पूर्णांक नऊ म्हणजे एकोणसाठ, आणि एकोणसाठ म्हणजे बी ग्रेड. ए हवा असेल तर साठ आणा. "आज नऊवाल्याला सोडलं, की उद्या आठवाले दारात बसतील," असं ते म्हणत.

नऊवालीच येऊन बसली. केबिनबाहेरच्या बाकावर, मांडीवर निळी पाण्याची बाटली घेऊन, रोज.

"सर, एकच दशांश हो."

"नियमाला डोळे नसतात, बाळ."

मग एक दिवस तिने जीव दिल्याची बातमी आली. वय छापलं होतं, अर्थातच पूर्णांकात.

तेव्हापासून बाक करकरू लागलं. कोणी बसलेलं नसताना, कचेरीच्या भर वेळेत. शिपाई म्हणाला, "लाकूड आहे साहेब, बोलतंय." सरांनी लोखंडी बाक आणवलं. तेही बोलू लागलं. शिपायाने मग तिथं बसून डबा खायचं सोडलं.

सर निवृत्त झाले. करकर विभागाच्या मालमत्तेत जमा झाली, असं त्यांनी धरलं.

मग त्यांच्या धाकट्या मुलीचा निकाल लागला. एकोणसाठ पूर्णांक नऊ. ग्रेड बी. पुढच्या प्रवेशाला ए हवा. धाकटी खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

"तुमचाच नियम ना?" बायको बंद दाराकडे बघत म्हणाली. "जा, मोडून या. नाहीतर घरी येऊ नका."

विभागात त्यांच्या खुर्चीवर त्यांच्याच हाताखालचा जुना साहाय्यक होता. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि नकारार्थी मान हलवली.

"सर, तुम्हीच शिकवलंत. नियमाला डोळे नसतात."

"अरे, पण एकच दशांश..."

"बाहेर बसा जरा. चहा तिथंच पाठवतो."

सर बाकापाशी आले. घाबरत टेकले. बाक गप्प. हललं नाही, कुरकुरलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते नुसतं बाक होतं, आणि सर ताडकन उठून उभे राहिले.

फोन वाजला. बायको हळू आवाजात बोलत होती.

"अहो, दार उघडत नाहीये. पण आत कोणाशी तरी बोलतेय."

"कोणाशी?"

"काय माहीत. आत्ता म्हणाली, 'ये, बस ना.' आणि पलंग करकरला."