रिकाम्या सिलिंडरांची रांग

मी एक जुना गॅस सिलिंडर आहे. माझा लाल रंग आता पोपडे धरून गळतो. मित्रांनो, नेपाळमधल्या पाटण शहरात चमेलीदिदींच्या मोमोच्या दुकानात मी उभं आयुष्य काढलं. माझ्या जिवावर भांड्यातून वाफ उसळायची, गिऱ्हाईक बोटं चाटायचं आणि दिदी मला फडक्याने लख्ख पुसायच्या.

मग भूकंप झाला. घर पडलं. त्यातून सावरतोय तोच सीमा बंद झाली. भारतातून येणारा गॅस, पेट्रोल, औषधं, सगळं अडकलं. लोक म्हणत, दिल्लीने अडवलं. दिल्ली म्हणे, तुमच्याच तराईतले, सीमेलगतच्या सपाट मुलखातले आंदोलक रस्त्यात बसलेत. मी मात्र रिकामा पडलो.

दिदींची सून रोजिना ओली बाळंतीण होती. तिला ओव्याचं कढण द्यायला सरपण नव्हतं. दिदींनी पडक्या घराची कोरीव खिडकी बाहेर ओढली. त्यांच्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने कोरलेली. कुऱ्हाड घालताना त्या ओरडल्या, "भूकंपानं ठेवली होती, शेजाऱ्यानं जाळायला लावली!"

आम्ही सिलिंडर रस्त्यावर साखळीने बांधलेले रांगेत उभे असायचो. एका सकाळी रांगेत रामसागर भाजीवाला आला. तो तराईतला. त्याची सीमेपलीकडच्यासारखी बोली ऐकताच लोक भडकले.

"ए, जा तुझ्या दिल्लीला!" एकाने त्याचा सिलिंडर लाथेने गटारात लोटला.

"दिल्ली मी बघितलीसुद्धा नाही, दाजू," रामसागर त्याला थोरला भाऊ मानून म्हणाला. "माझा बाप, आजा, सगळे याच देशातले, जनकपूरचे."

कोणी ऐकेना. तेव्हा दिदी पदर खोचून गटारात उतरल्या.

"राग मला काय कमी आहे? पण सीमा यानं बंद केलीय होय रे? याचीही चूल थंडच आहे ना! मोठ्यापुढे तोंड उघडत नाही, आणि गरिबाला लाथा घालता!"

त्यांनी तो चिखलाने माखलेला सिलिंडर माझ्या शेजारी आणून ठेवला. त्याला कोणी हात लावला नाही. गॅस मात्र त्या दिवशीही आला नाही.

पुढे सीमा उघडली. पण दिदींनी विजेची शेगडी घेतली आणि मी अडगळीत गेलो. मध्यंतरी एक भारतीय पाहुणा मोमो खाता खाता म्हणाला, "आपलं तर भावाभावाचं नातं!"

"असेल की," दिदी चटणी वाढत म्हणाल्या. "पण धाकट्याच्या घरात बाळंतीण असताना थोरल्यानं दार लावून घ्यायचं असतं का?"



मित्रांनो, मला कोणी पुसत नाही, त्याचं काही नाही. तुम्ही मोठ्या देशातली मुलं आहात. धाकट्या शेजाऱ्याला गृहीत धरू नका. चूल पुन्हा पेटली म्हणजे राग विझला, असं समजू नका.