वस्तीबाहेरची गिरणी

मित्रांनो, मी पिठाची गिरणी. वयानं जुनी, अंगानं अवजड आणि आता मुकी. पिंपळगाव राजाकडून नदीच्या अंगाला उतरलं की आमचं गाव होतं. 'होतं' म्हणते, कारण आता तिथे धरणाचं पाणी आहे.

अर्जुनरावांनी मला मलकापुराहून ट्रॅक्टरवर घालून आणलं, तेव्हा माझ्या अंगावर नवा हिरवा रंग होता. घराच्या पुढच्या खोलीत मी, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे वांगी-मेथीचा मळा. अर्जुनराव मळ्यात राबत. मला चालवत त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई. दळण लावून त्या आत जात, तव्यावरची भाकरी उलटून परत येत. पेटीतलं धान्य संपत आलं की माझा आवाज बदले आणि त्या आतूनच ओळखत.

माझ्या दाराशी ओटा होता. शेजारी शिंपी, समोर किसनरावांचं किराणा दुकान, पलीकडे म्हशींचा गोठा. बाया डबे ठेवून ओट्यावर टेकत. सासवांची गाऱ्हाणी, पोरींची स्थळं, कापसाचा भाव, सगळं माझ्या घरघरीवर आवाज चढवून बोललं जाई. माझ्या पिठानं लोक खोकत, तान्ही मुलं दचकून उठत, हेही खरं. पण "पीठ कसं लोन्यावानी पडलं!" असं कोणी म्हटलं की मला धन्य वाटे.

चांगुणाबाई एकट्या राहत. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं मिश्र धान्य, म्हणजे कळण, घेऊन त्या येत. दळण पसाभर आणि बसणं दुपारभर. कधी दिसल्या नाहीत तर सत्यभामाबाई मला बंद करून त्यांच्या दाराशी जाऊन येत.

मग धरण आलं. गाव उठणार हे ठरलं. नव्या वस्तीचा नकाशा घेऊन पुनर्वसन खात्याचे चिंतामण साहेब आले आणि बैठक माझ्याच ओट्यासमोर भरली. साहेब भला माणूस. घरं एकीकडे, मोठ्या रस्त्यापलीकडे दुकानं आणि गिरणी, त्याच्याही पुढे गोठे, शेतं आणखी लांब, असं त्यांनी बोट फिरवून दाखवलं.

"घरांत धूळ नको, गोंगाट नको. मुलांना अभ्यासाला शांतता मिळेल," ते म्हणाले.

सत्यभामाबाई उठल्या. "सायेब, माही गिरनी घरातच राहू द्या ना. तिकडं गेली तं मी चूल पाहू का गिरनी पाहू?"

साहेबांनी नकाशा पुन्हा न्याहाळला. "काकू, लोकांना हवं असेल तर बदलता येईल. विचारू या."

किसनराव म्हणाले, "नाई सायेब, असाच राहू द्या. शयरात अशीच कॉलनी राह्यते. आमी काऊन जलमभर पिठात न् शेनात बसावं?"

माणसं हसली. कोणाकोणाला हा नकाशा मान्य आहे, असं साहेबांनी विचारताच हात वर झाले. अर्जुनरावांना शटरचा पक्का गाळा हवा होता. बायकोकडे न बघता त्यांनीही हात वर केला.

नव्या वस्तीत घरं खरंच देखणी झाली. मी मात्र रस्त्यापलीकडच्या गाळ्यात आले. सत्यभामाबाई घरचं आटोपून येत, शटर उघडत, मधेच घरी धावत. बाया बसेनाशा झाल्या. कोणी मोटरसायकलवरून डबा टाकून जाई, कोणी पिशवीतलं तयार पीठ आणू लागलं. चांगुणाबाई काही दिवस आल्या. रस्ता ओलांडताना त्यांना धाप लागे.

"घरं लय साजरी हायेत वं सत्यभामा," त्या एकदा म्हणाल्या, "पन दिवसभर मानसाचं तोंड दिसत नाई."

मग त्याही येईनाशा झाल्या. सत्यभामाबाईंना वाटलं, बाईनं तयार पीठ धरलं असेल. जाऊन पाहावं असं त्या रोज म्हणत आणि रोज कोणाचा तरी डबा पुढे येई. अखेर एका दुपारी त्यांनी शटर ओढलं आणि गेल्या.

चांगुणाबाई न्हाणीत पडल्या होत्या. खुबा मोडला होता. हाका मारून मारून घसा बसला होता. शेजारची दारं बंद, आत टीव्ही चालू, कोणाला ऐकू आलं नाही. खामगावला नेलं. तिथून त्यांना झाकूनच आणलं.

सुतक नव्हतं, तरी सत्यभामाबाईंनी मला चालू केलं नाही. माझ्याशेजारी पोत्यावर नुसत्या बसून राहिल्या. अर्जुनराव आले आणि दारातच थांबले.

"म्या तवा हात वर कराले नोको होता," ते म्हणाले.

"तुमी एकट्यानं कुठं केला?" त्या म्हणाल्या. "साऱ्या गावानं केला. अन् मीबी मंग गपच बसली."

अर्जुनरावांनी मला घराच्या पडवीत न्यायचं ठरवलं. शेजारणी म्हणाल्या, "नको बापा, आवाज होते." एकेकाळी ओट्यावर बसणाऱ्याच त्या बाया. मी गाळ्यातच राहिले. गिऱ्हाईक आटलं आणि माझा पट्टा निघाला तो निघालाच.

पुढे चिंतामण साहेब वस्ती बघायला आले. सत्यभामाबाईंनी त्यांना चहा दिला आणि चांगुणाबाईंचं सांगितलं. दोष दिला नाही. साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "काकू, आणखी एक गाव उठतंय. त्यांच्या बैठकीला याल? हे त्यांना सांगाल?"

त्या गेल्या. परत आल्या त्या सरळ गाळ्यात. पदरानं माझ्यावरची धूळ पुसू लागल्या. अर्जुनरावांनी विचारलं, "काय झालं?"

"सांगतलं सारं. आयकलंबी त्यायनं. दोघी-तिघी रडल्यासुदीक." त्यांनी पदर झटकला. "पन तेबी कॉलनीच मांगून राह्यले."

मित्रांनो, गावं आखणं मोठ्यांच्या हाती असतं. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कोणी नकाशेही काढेल, तेव्हा माणसांना माणसांच्या नजरेत राहू द्या. तोवर एवढंच करा. तुमच्या गल्लीत कोणी एकटं राहत असेल, तर शाळेतून येताना त्यांना हाक मारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.