बिनकामाची फुलं

टोमॅटोच्या झाडांमागे ग्रंथपाल दबा धरून बसले होते आणि त्यांच्या स्टुलाचा एक पाय ओल्या मातीत हळूहळू रुतत चालला होता. नुकतंच उजाडलं होतं. हातात रंगकामाचा बारीक कुंचला होता. चोर समोर आलाच तर त्याचं करायचं काय, हे मात्र ठरलं नव्हतं.

"कोण आहे रे तिकडे?" कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारच्या कंडक्टरांचा. तीस वर्षं बसमध्ये ओरडल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नसे.

"मी आहे, मी," ग्रंथपाल कुजबुजले.

"लायब्ररीवाले? स्वतःच्याच बागेत लपलात? वहिनींनी घराबाहेर काढलं की काय?"

"फुलं चोरीला जातायत हो. भोपळ्याची."

"भोपळ्याची? माझे एवढे गुलाब सोडून? चोराला काही दर्जा आहे की नाही!"

ग्रंथपालांनी वेलावर नजर रोखली. आयुष्यभर त्यांनी बागकामाची पुस्तकं दुसऱ्यांच्या हातात दिली आणि निवृत्त झाल्यावर कुठे स्वतः मातीत हात घातला. या उन्हाळ्यात काकड्या लागल्या, टोमॅटोंनी फांद्या वाकल्या. बायकोचा मोगरा आणि झिनिया तर अशा फुलल्या होत्या की रस्त्यावरचे लोक थांबून बघत. पण भोपळ्याचा वेल लावला त्या दिवशी कंडक्टर म्हणाले होते, "पुस्तक वाचून भोपळा लागला, तर मी मिशी उतरवीन." तेव्हापासून ग्रंथपालांना काकडी गोड लागत नव्हती. त्यांना भोपळा हवा होता. एकच, पण हवा होता.

पुस्तकात सगळं लिहिलेलं होतं. मादी फुलामागे चिमुकला भोपळा असतो, नर फुलामागे नुसता लांब देठ. सकाळी नर फुलातला पराग मादी फुलाला लावायचा. ग्रंथपाल रोज कुंचला घेऊन येत, तर मादी फुलं जागच्या जागी आणि नर फूल औषधालासुद्धा नाही. चिमुकले भोपळे पिवळे पडून गळत होते. सतरा गळाले होते.

स्वयंपाकघराचं दार वाजलं. भिंतीला हात लावत बायको बाहेर आली, थेट वेलापाशी गेली आणि नाक टेकेल इतकी वाकली. एका फुलाची मागची बाजू तिने बोटांनी चाचपली, ते सोडलं, आणि शेजारचं खुडलं.

ग्रंथपाल ताडकन उठले. स्टूल रुतलेलंच राहिलं आणि ते टोमॅटोंत आडवे झाले.

"अगं, तू?"

"अहो! केवढ्याने दचकवलंत! टोमॅटोत काय करताय?"

"फुलं तू तोडतेस?"

"मग? तुम्हीच म्हणालात ना, मागे भोपळा असलेलं फूल तोडू नकोस म्हणून. दरवेळी चाचपून बघते मी. एकाही भोपळ्याला धक्का लावलेला नाही. ही तर बिनकामाची फुलं."

"बिनकामाची नाहीत ती," ग्रंथपाल म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. तरीही ही गोष्ट बायकोला अंगणात, दिवसाउजेडी कशी सांगावी, हे त्यांना सुचलं नव्हतं, म्हणून त्यांनी अर्धीच सांगितली होती. "म्हणजे… त्यांचा त्या दुसऱ्या फुलांशी… थोडा संबंध असतो."

"नवरे आहेत ते, वहिनी!" कुंपणापलीकडून गर्जना झाली. "सगळे नवरे खुडलेत, आता पोरंबाळं कुठून होणार?"

बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"पण एवढी फुलं ठेवतेस कुठे?" ग्रंथपालांनी विचारलं.

"टेबलावर. तुमच्या नाकासमोर. तीन आठवडे झाले."

आत जाऊन बघितलं, तर खरंच होती. एका पेल्यात ताजी, कोमेजलेली, सगळी पिवळी. पेल्याच्या अलीकडे ग्रंथपालांचं पुस्तक उभं होतं. चहा, जेवण, सगळं ते पुस्तक समोर धरूनच करत.

"मोगरा सोडून ही कशाला आणतेस?"

"मोगऱ्याचा वास येतो, दिसत नाही. झिनिया म्हणजे नुसतं धुरकट गाठोडं. हे पिवळं तेवढं स्वच्छ दिसतं." ती चहा ओतत होती. धार कपाच्या बाजूला पडू लागली. ग्रंथपालांनी कप हळूच धारेखाली सरकवला.

"कधीपासून?"

"थंडीपासून असेल."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही वाचत होता," ती म्हणाली. त्यात राग अजिबात नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून नर फुलं ग्रंथपालच खुडू लागले. आधी मादी फुलाला टेकवायची, मग पेल्यात. आठवड्याभरात एक भोपळा धरला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रांग मोठी होती, ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली.

भोपळा पिकला त्या दिवशी कंडक्टर मिशी उतरवून आले आणि वहिनींसमोर हात पसरून उभे राहिले. "बघा! शब्दाचा पक्का माणूस!"

"कशाचा शब्द?" त्यांच्या चेहऱ्याकडे बघत तिने विचारलं.

कंडक्टरांचे हात खाली आले. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले. "तारीख कधीची आहे, लायब्ररीवाले?"

"बारा दिवस राहिलेत."

वेलाची फुलं संपली होती. ग्रंथपालांनी टेबलावरचं पुस्तक उचललं, कपाटात ठेवलं आणि त्या जागी तो भलामोठा, पिवळाधमक भोपळा आणून ठेवला.

"कापायचा कधी?" बायकोने त्यावरून हात फिरवत विचारलं.

"तेरा दिवसांनी," ग्रंथपाल म्हणाले आणि तिच्या समोरची खुर्ची ओढून बसले.