मी जाळं नव्हे, नक्षी

मी बोलतेय. दोन डोक्यांच्या रेडकाची काचेची बरणी दिसतेय ना, तिच्यामागे उभ्या असलेल्या विणायच्या मागावरून. आज मला गप्प बसवत नाही. एवढी वर्षं तोंड दाबून काढली, आता बोलू द्या.

हे आमच्या जिल्ह्याचं संग्रहालय. दोनच खोल्या, पण कोण नाही इथं! दगडाची कुऱ्हाड आहे, हत्तीच्या गळ्यातली लाकडी घंटा आहे, विमानातून पडलेल्या बॉम्बचं रिकामं टरफल आहे, त्यात संग्रहालय सांभाळणाऱ्या बुनथान मास्तरांनी मिरचीचं रोप लावलंय. फ्रेंच साहेबाचं एक घड्याळ आहे, ते चालत नाही आणि मिजास मात्र सोडत नाही. आणि परवापरवापर्यंत भिंतीवर एका खुंटीला गुंडाळून टांगलेली मी होते. माझ्याखाली चिठ्ठी होती: ‘मासे धरायचं जुनं जाळं. देणगी: फायवान, बान नातोंग.’

जाळं! घंटा रोज विचारायची, "काय गं, आज किती मासे?"

मी मागावरची नक्षीची झालर आहे. ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणून बसवलेल्या धाग्यांच्या, वर मी उभी टांगलेली असते आणि ताण्याचा एकेक धागा माझ्या एकेका दोरीतून जातो. माझ्यात बांबूच्या बारीक काड्या अडकवलेल्या आहेत, एकशे बारा. एक काडी म्हणजे नक्षीची एक ओळ. विणणारी बाई खालच्या काडीपासून सुरुवात करते. काडी पुढे ओढली की ठरलेल्या दोऱ्या उचलल्या जातात, त्यांच्याखालून रंगीत रेशीम गेलं की ओळ झाली. मग ती काडी ताण्याच्या खाली नेऊन तश्शीच अडकवायची आणि वरची दुसरी घ्यायची. असं करत सगळ्यात वरच्या काडीपर्यंत पोचलं की एक नाग पुरा होतो. तिथून उलटं फिरलं की त्याच काड्यांतून दुसरा नाग उतरतो, पहिल्याच्या तोंडासमोर तोंड करून. काडी नुसती उपसून टाकली, तर मात्र ती ओळ गेली ती गेलीच.

मला बांधलं मान नावाच्या विणकरणीने. बान नातोंग गावात खांबांवर उभ्या असलेल्या तिच्या घराखाली तिचा माग होता. वर भात शिजायचा, खाली आम्ही दोघी. तिची मुलगी वानसी मागाच्या पायाशी बसून रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला घालायची आणि बडबडायची. आमच्याकडे घराण्याची नक्षी आईकडून मुलीला मिळते, लग्नाच्या दिवशी. आणि बाई जाते तेव्हा तिच्या अंगावर त्याच नक्षीची शाल लागते. मरणापलीकडे वाट पाहत बसलेली माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, शालीवरून ओळखतात.

वानसीने सतराव्या वर्षी नदीपलीकडच्या एका मीठवाल्याशी लग्न केलं, आईला न विचारता. मान लग्नाला गेली नाही आणि मला दिलंही नाही. "नदीपलीकडे गेली ना, नक्षीही नदीपलीकडचीच शोध म्हणावं," असं ती शेजारणीला म्हणाली, आणि दोन दिवस तिने मागाला हात लावला नाही.

मग लढाई पेटली आणि बॉम्ब टाकायला विमानं यायला लागली. गाव उठून डोंगरातल्या गुहेत गेलं. माननं जुना ताणा चार बोटं ठेवून कापला, धागे ओवलेल्या फणीसकट मला गुंडाळलं आणि पोराऐवजी मला पाठीला बांधलं. तांदळाचं पोतं मागे राहिलं म्हणून नवरा ओरडला, तर म्हणाली, तांदूळ परत पिकतात. गुहेत नऊ वर्षं काढली. शेवटच्या आजारात तिने मुलाला, फायवानला, छताखालच्या माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "वानसी आली की हे तिला द्यायचं." मी हे माझ्या कानांनी ऐकलंय. कान नसले म्हणून काय झालं?

फायवान मनाचा चांगला होता. पण आमच्याकडे पुरुष मागाला हात लावत नाहीत, आणि त्याचा जीव मासेमारीत. गुहेतून घरी आल्यावर सामान लावताना मी त्याच्या जाळ्यांच्या आणि सापळ्यांच्या ढिगात गेले. बहिणीकडे निरोप धाडायचा राहून गेला आणि पुढे तो विसरलाही. संग्रहालयासाठी जुन्या वस्तू मागायला लोक आले, तेव्हा त्याने ढीगच्या ढीग उचलून दिला आणि वर सगळी जाळी बापजाद्यांची आहेत असं अभिमानाने सांगितलं. म्हणून मी जाळं झाले.

तुम्ही म्हणाल, गावातल्या बायकांनी ओळखलं कसं नाही? अहो, गुंडाळी करून टांगलेली मी, आणि बायका इथं येतात कधी? ज्या वेळी हे दार उघडतं त्या वेळी त्या बाजारात असतात. इथं येतात ती शाळेची पोरं. ती रेडकापुढे उभी राहतात, किंचाळतात आणि निघून जातात.

आता दोन-तीन महिन्यांपूर्वीचं ऐका. बुनथान मास्तरांच्या डोक्यात आलं की जाळं छान उलगडून भिंतभर पसरावं. मास्तर राजधानीतले, गणित शिकवून निवृत्त झालेले, टापटिपीचे. त्यांनी मला टेबलावर घेतलं, धूळ झटकली आणि म्हणाले, "जाळ्यात एवढ्या काटक्या कशाला?" आणि सगळ्यात वरची काडी उपसून केराच्या टोपलीत टाकली. दोन नाग समोरासमोर येतात ती अगदी मधली ओळ. मला ओरडता आलं असतं तर बॉम्बच्या टरफलालाही घाम फुटला असता. त्यांनी दुसरी काडी चिमटीत धरली आणि तेवढ्यात दार वाजलं.

एक म्हातारी आणि तिची नात. सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला आल्या होत्या, परतीची गाडी तीनला होती. बाहेर ऊन, आत पंखा आणि म्हाताऱ्यांना प्रवेश फुकट. नातीचं नाव पिंग, तेवीसची, बाजारात विकायला गळपट्टे विणणारी. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे तिने सगळं हाताने बघायला सुरुवात केली. मास्तर काडी सोडून धावले. वस्तूंना हात लावू नये, असं त्यांनी तीनदा सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मग डोळे द्या तुमचे. देता?" आणि हात लावत पुढे निघाली. कुऱ्हाड, घंटा, घड्याळ. मग टेबल.

तिचा हात माझ्यावर आला आणि तिथंच राहिला. बोटं दोऱ्यांतून गेली, काड्यांवरून उतरली, खाली फणीशी आली आणि फणीतून लोंबणारी जुन्या ताण्याची चार बोटं तिने चिमटीत धरली. काळ्या रेशमाची, माननं कापलेली. ते बोटांचं चाचपणं मी ओळखलं. पाला घालणारी पोर होती ती. माझ्या दोऱ्या अशा थरथरल्या की पंख्याचा वारा आहे असं मास्तरांना वाटलं.

"पिंग, याच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

"जाळं लिहिलंय, आज्जी. मासे धरायचं."

"लिहिणाऱ्याला मासाही ठाऊक नाही आणि जाळंही," वानसी म्हणाली. मग मास्तरांच्या दिशेने अंदाजाने वळून ती हळू आवाजात म्हणाली, "ही माझ्या आईची नक्षी आहे. साठ वर्षं मी हिच्याशिवाय आहे. मला शाल हवीय, बाबा. अशीच गेले तर ती मला ओळखायची नाही. आधीच रागावलेली आहे."

मास्तर टेबलाच्या कडेला बसले. टोपलीत हात घालून त्यांनी चाचपलं. सकाळच्या केरात बांबूच्या तशा वीस काटक्या होत्या, त्यातली माझी कोणती ते त्यांना कळेना. आणि काडी सापडली असती तरी ओळ परत येणार नव्हती, हे पिंगने त्यांना समजावून सांगितलं. नियम असा की नोंदवलेली वस्तू दाराबाहेर जात नाही. तीनची गाडी गेली, त्यांना कुणालाच भान राहिलं नाही. मास्तर नियमांचं पुस्तक घेऊन एकेक पान वाचत राहिले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "वस्तू बाहेर नेऊ नये असं आहे. माग आत आणू नये असं कुठंच नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मागवलेला माग आला! सहा माणसांनी खांब, दांडे, पट्ट्या आत आणल्या. मास्तरांनी स्वतः रेडकाला बाजूला सरकवलं, घड्याळाला दुसऱ्या खोलीत हाकललं. मला वर टांगलं. साठ वर्षांनी मी सरळ उभी राहिले, काय सांगू तुम्हाला! मग पिंगने नव्या ताण्याचा एकेक धागा माझ्यातून लोंबणाऱ्या जुन्या ताण्याच्या एकेका धाग्याला गाठायला घेतला. नऊशे सहा गाठी. तीन दिवस लागले. पोरीचा अंगठा सोलवटला, मास्तर तिला चिकट भाताची टोपली आणि मिरचीची चटणी आणून देत होते. माननं कापलेल्या धाग्याला तिच्या लेकीच्या नातीचा धागा बांधला जात होता आणि मी आतल्या आत नाचत होते.

बातमी बाजारात पोचली. आता बायका संग्रहालयात यायला लागल्या, टोपल्या डोक्यावर घेऊन, भाजी तशीच. मास्तरांची भेटीची वही वर्षभरात भरली नव्हती ती आठवड्यात भरली. पहिली काडी ओढली, लाखेच्या लाल रंगाचं रेशीम धोट्यातून सरकलं, फणी ठोकली गेली: खट्! सगळ्या खोलीने श्वास सोडला. दुसरी, दहावी, पन्नासावी. नागाचं शेपूट आलं, वेटोळी आली, तोंड आलं. वानसी शेजारी बसून कापडावर बोट फिरवत चुका काढायची. "इथं सैल. नवऱ्याला धरशील तसं धर धागा," असं ती म्हणाली, तेव्हा लग्न न झालेली पिंग लाजून लाल झाली आणि बायका हसल्या.

मग एकशे अकरावी काडी झाली, आणि पिंगचा हात थांबला. वर काही नव्हतं.

"आज्जी, इथली ओळ नाही. दोन्ही नागांची नाकं समोरासमोर येतात, पण त्यांच्यामध्ये काय होतं?"

मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वानसीने दोन्ही हात कापडावर ठेवले, बराच वेळ. तिला आठवत नाही हे मला दिसत होतं. ती आठवत नव्हती, ठरवत होती.

"चिकटलेली होती," ती म्हणाली. "नाकाला नाक. मध्ये फट नव्हती. माझी आई एवढी कठोर नव्हती."

पिंगने बांबूची नवी काडी सोलली, आजीच्या सांगण्याप्रमाणे दोऱ्या मोजून ती अडकवली आणि ओढली. लाल धागा सरकला. मग काड्या उलट्या फिरल्या, दुसऱ्या नागाचं नाक आलं आणि नाग नागाला भेटला. वानसीने त्या जागेवरून बोट फिरवलं आणि ते बोट कपाळाला लावलं.

शाल गेल्या महिन्यात पुरी झाली. वानसी ती घेऊन गावी गेली आहे. डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे म्हणे, आणि त्याआधी मरायला आपल्याला मुळीच सवड नाही, असं ती मास्तरांना बजावून गेली. मी इथंच मागावर आहे. पिंग दर आठवड्याला येते आणि चार पोरी तिच्याकडून शिकतात. माझ्याखाली नवी चिठ्ठी आली आहे, वानसीच्या आईच्या नावाची.

तुम्हीही या. फक्त जुन्या वस्तूतून एखादी काटकी उपसण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारत जा. आणि आलात तर एक गोष्ट तुमच्याजवळच ठेवा. मूळ नक्षीत त्या दोन नाकांमध्ये फट होती. रागाची नव्हे, मानच्या आजीच्याही आधीपासूनची, घराण्याची रीतच तशी. हे आता मला आणि तुम्हालाच ठाऊक आहे. आईने मरताना काय सांगितलं ते वानसीला सांगणारं कुणी उरलं नाही, मला तर तिच्याशी बोलता येत नाही. पण आईचा राग गेला होता हे तिने चुकीची ओळ घालून बरोबर ओळखलं. तेव्हा तिला सांगू नका.